सोंडेपलीकडे

चपलेचा अंगठा तुटला नसता तर दैवशाला त्या दुपारी परभणीच्या स्टेशन रोडला थांबली नसती. सकाळची शाळा सुटली होती. मोची अंगठ्याला टाके घालत होता आणि ती अनवाणी पाऊल दुसऱ्या पावलावर टेकवून, त्याच्या ठिगळाच्या छत्रीखाली तोल सांभाळत उभी होती. चैत्र संपत आला होता. रस्त्यावरची धूळसुद्धा पोळत होती. मागून कुणीतरी "वैनी" म्हणालं. राधाकिशन होता. तिच्या सासरच्या पिंगळीचा, तिच्या नवऱ्याबरोबर एकाच मदरशात अलिफ-बे गिरवलेला, आता मोजणी खात्यात कारकून. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि वर्षभरात त्याची बदली थेट रत्नागिरीकडे झाली. रजा काढून तो गावी आला होता. त्यानं तिच्या सासूची चौकशी केली, तिकडच्या भाताबद्दल आणि इकडच्या जवारीबद्दल काहीबाही बोलला, आणि मग मोच्याच्या हातातल्या सुईकडं पाहत हळू आवाजात म्हणाला, "वैनी, बन्सी दिसला मला. तिकडं, समुद्राच्या कडंला. जिता हाय." दैवशाला मोच्याला म्हणाली, "दुसरीचा अंगठा पण बघून ठेवा. तो बी ढिला झालाय." पुढं कितीतरी दिवस तिला स्वतःच्या या वाक्याचं नवल वाटत राहिलं. आपल्याला रडू फुटायला हवं होतं, निदान हात तरी कापायला हवा होता. पण तिनं दुसरी चपलही काढून दिली आणि दोन्ही पावलं तापलेल्या धुळीत टेकवून ती उभी राहिली. पाय भाजत होते. तेवढंच काय ते तिला नीट कळत होतं.

बन्सीधर अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात घरातून गेला. तेव्हा तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, त्यातलं नांदणं वर्षभराचं. गावातली पोरं वऱ्हाडाच्या हद्दीवरच्या कॅम्पात जात होती. तिथून रात्रीची परत येत, निजामाच्या नाक्यांवर हल्ले करत, आणि परत हद्दीपलीकडं जात. बन्सीधर आईला सांगून गेला, बायकोला सांगून गेला नाही, कारण बायकोला असलं सांगायची रीत नव्हती. भाद्रपदात हिंदुस्थानच्या फौजा आल्या, चार दिवसांत सगळं संपलं, आणि कॅम्पांतली पोरं परत आली. स्टेशनावर त्यांच्या गळ्यात झेंडूचे हार पडले. बन्सीधर आला नाही. कुणी सांगितलं, त्याला निरोप घेऊन मुंबईला पाठवलं होतं, वाटेत रझाकारांनी धरला असावा. मारला असावा. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, आणि त्या वाक्यातला 'असावा' कुणाच्या लक्षात न येता गळून पडला. पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढं त्याचं नाव वाचलं जाऊ लागलं. उर्दू शाळांच्या मराठी शाळा झाल्या तेव्हा मास्तरणी पाहिजे होत्या. दैवशालेनं बाहेरून सातवी दिली आणि गावच्या आबासाहेबांनी तिच्यासाठी शब्द टाकताना "बन्सीधरची बायको" एवढंच सांगितलं. तेवढं पुरलं. झेंडावंदनाला तिला पहिल्या रांगेत खुर्ची मिळे. हेडमास्तर तिच्याशी बोलताना आवाज खाली आणत. ती कुंकू लावी, कारण तिची सासू गोजरबाई हिला तो मेलेला कबूल नव्हता. आणि लोक तिला विधवेसारखं जपत, कारण इतर सगळ्यांना तो मेलेला कबूल होता. या दोन्हींच्या मध्ये एक जागा तयार झाली होती आणि तिथं दैवशाला दहा वर्षं राहिली होती. तिला तिथं बरं वाटत होतं. हे तिनं कधी मनाशीसुद्धा उच्चारलं नव्हतं, पण राधाकिशन बोलून गेला त्या रात्री अंगणात बाजेवर पडल्यावर पहिल्यांदा जे वाटलं ते हेच होतं, की आता ही जागा जाणार.

शेजारच्या बाजेवर गोजरबाई गुडघे चोळत होती. ही बाई दहा वर्षं एकच गोष्ट म्हणत आली होती: बन्सी यायलाय. येईल असं नाही, आला असता असं नाही. यायलाय, म्हणजे निघालाय, वाटेत आहे, पूर्णेपर्यंत आला असेल. पिंगळीला चावडीसमोर हुतात्म्याचा दगड बसवायचा ठरला आणि आबासाहेब तिची परवानगी मागायला परभणीला आले, तेव्हा तिनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. "जित्या माणसाचा दगड करता का रे," एवढंच म्हणून ती तोंड फिरवून बसली. लोक म्हणत, म्हातारीचं डोकं फिरलंय. दैवशालाही कधीकधी तसं म्हणे, हलक्या आवाजात, शाळेत. त्या रात्री तिला वाटलं, आत्ता हिला उठवून सांगावं. मग वाटलं, आधी आपण पाहून यावं. पाहून काय करायचं, हे मात्र तिनं स्वतःला विचारलं नाही. सकाळी ती म्हणाली, "आत्याबाई, सुट्टीत पुण्याला मास्तरांचं शिबिर हाय. जावं लागतंय." गोजरबाई म्हणाली, "जा की. मला शेजारच्या लिंबाजीची बायको भाकरी टाकून देईल." खोटं किती सरळ गेलं, हे तिला जाणवलं.

राधाकिशन आणि त्याची बायको चतुराबाई रजा संपवून परत निघाले होते, त्यांच्याबरोबर ती गेली. एक रेल्वे, मग दुसरी रेल्वे, मग घाट उतरणारी एस.टी. वाटेत चतुराबाई तिला पोळी-चटणी देई आणि काही विचारत नसे; तिला नवऱ्यानं बजावून ठेवलं असावं. राधाकिशननं मात्र त्या भेटीची हकीकत दोनदा सांगितली. कड्यावरच्या सड्याची, तिथल्या खडकाळ पठाराची, मोजणी चालली होती, तो पाण्याची रेघ बघायला खाली उतरला, आणि खाली एक माणूस उकिडवा बसून होडीच्या बुडाला डांबर लावत होता. उकिडवं बसायची ती तऱ्हा ओळखीची वाटली. "म्या म्हणलं, बन्सी? तर त्यानं मान वर केली अन् म्हणला, कोण, राध्या? वैनी, जसं काय आमी काल बाजारात भेटलो व्हतो." दुसऱ्यांदा सांगताना तो थोडं थांबून म्हणाला, "म्या त्याला इचारलं, घरी सांगू का? म्हणला, सांग." दैवशाला खिडकीतून घाटातल्या हिरव्या काळोखाकडं पाहत होती. इतकी झाडं एका जागी तिनं कधी पाहिली नव्हती आणि ती तिला आवडत नव्हती. मोकळं काहीच दिसत नव्हतं. सांग, असं तो म्हणाला होता. नको म्हणाला असता तर त्याचा काही अर्थ लावता आला असता.

वैशाखही सरत आला होता; शुक्रवारी सकाळी राधाकिशन तिला घेऊन निघाला. वाट आधी सड्यावरून होती. जांभ्या दगडाचा, काळपट, करपलेला, झाड नसलेला पठारी भाग; चालताना तिला घरच्यासारखं वाटलं, उन्हाळ्यात पेडगावच्या बाजूला नांगरलेली रानं अशीच दिसत. आणि मग जमीन एकदम संपली. पुढं पाऊल टाकायला काही नव्हतं. कडा सरळ खाली तुटलेला होता, आणि फार खाली, डाव्या-उजव्या कड्यांच्या मध्ये अडकल्यासारखी वाळूची एक पट्टी होती, चंद्रकोरीएवढी, तिच्यावर काडीइतकं एक खोपटं. त्याच्यापलीकडं समुद्र. चौथीच्या वर्गात ती दर वर्षी निळ्या खडूनं समुद्र काढी आणि पोरींना सांगे, याला दुसरा काठ दिसत नाही. इथं निळं काही नव्हतं. नुकत्याच पुसलेल्या पाटीचा रंग होता, आणि दुसरा काठ खरंच दिसत नव्हता. बरोबरच शिकवत होतो आपण, एवढं तिच्या मनात आलं. कड्याच्या घळीतून पायवाट उतरत होती. तिचा शेवट खडकांत होता. तिथून पुळणीवर, त्या वाळूच्या पट्टीवर, जायचं तर कड्याचं पुढं आलेलं एक नाक वळून जावं लागे. तिथले लोक त्याला सोंड म्हणत. राधाकिशन खडकांपाशी थांबला. "ह्याच्या पल्याड मी येत न्हाई. तुमच्या दोघांचं हाय ते. पण वैनी, भरती लागायलीय. सोंडेला पाणी लागायच्या आत निघा, न्हाई तर दुपार ढळेपर्यंत वाट बुडती." तिनं लुगडं घोट्यावर घेतलं आणि ती सोंड वळून गेली. पाणी पायाला लागलं. ते कोमट होतं.

पुळण कड्याच्या सावलीत होती. वाळूवर खेकड्यांच्या नखांची नक्षी होती आणि माणसाच्या पावलांची एकच माळ, खोपटापासून पाण्यापर्यंत गेलेली. तो खोपटाच्या दारात जाळं पसरून त्याची फाटलेली घरं विणत बसला होता. तिला आधी त्याचे तळवे दिसले, पांढरे, भेगाळलेले. मग तो उठला. तिनं वाटेत पुष्कळ चेहरे तयार करून ठेवले होते, खंगलेला, डोळा गेलेला, दाढी वाढलेला. हा माणूस नीट होता. काळा झाला होता, खांदे रुंद झाले होते, कानांवरचे केस पिकले होते. त्याच्या चेहऱ्यावर ओशाळल्यासारखं काही येऊन गेलं आणि तो म्हणाला, "बस." बसायला काही नव्हतं. त्यानं एक फळी ओढून आणली, हातानं झाडली, वाळूवर टाकली. ती बसली. लग्नानंतर ती त्याच्यासमोर अशी उघड्यावर कधी बसली नव्हती.

"आई?" त्यानं विचारलं.

"हायेत. गुडघे धरलेत. माझ्यापाशी असत्यात, परभणीला."

"बापू?"

"तुमी गेलात त्याच्या दुसऱ्या साली गेले."

त्यानं मान हलवली. जाळ्यातली सुई उचलली आणि परत खाली ठेवली. मग त्यानं चिचेखालच्या विहिरीला पाणी असतं का ते विचारलं, आणि शेत कोण करतं ते. चुलतभाऊ सूर्यभान करतो, असं ती म्हणाली. तो म्हणाला, "चांगला हाय सूर्यभान." हे सगळं इतकं साधं चाललं होतं की आपण इथं कशाला आलो ते ती विसरते की काय असं तिला वाटलं. लाट येई, फुटे, पसरे, आणि मागं जाताना वाळूतून चरचर असा आवाज येई, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. तो आवाज थांबतच नव्हता. इथं माणसाला आपलं बोलणं या आवाजाच्या मधल्या फटींत बसवावं लागत असणार, असं तिला वाटलं, आणि तिनं एका फटीत विचारलं, "कुणी धरलं व्हतं तुमाला?"

"न्हाई."

"मग?"

त्यानं सुई जाळ्यात खोवली. मग बोलायला लागला तेव्हा त्याच्या बोलीत तिकडचे हेल मिसळत होते, पण शब्द पिंगळीचे होते. "निरोप पोचवला म्या. मुंबईला एका खोलीत थांबा म्हणले, थांबलो. मग रेडिओवर आलं, संपलं म्हणून. सगळे नाचायलते. मी बी नाचलो. परत यायचं तर गाडीला ही गर्दी. तिथं एक खलाशी व्हता, म्हणला, समुद्र पाह्यलास का? म्हणलं, लांबून. म्हणला, चल बोटीवर, आठ दिसांत परत आणून सोडतो." त्यानं जाळ्याची एक गाठ ओढून पाहिली. "आठाचे पंधरा झाले. पंधराचा महिना. दिवाळीपस्तोर यायला कायी हरकत नव्हती. मग दिवाळीला वाटलं, आता गेलो तर इचारतील, इतके दिस कुठं व्हतास. काय सांगावं? बाकीची पोरं मार खाऊन आली, कुणी मेली. अन् मी काय सांगावं, समुद्र पाहात व्हतो म्हणून? म्हणलं, कायतरी सांगण्याजोगं होऊ दे, मग जाऊ." त्यानं एक लाट मागं जाऊ दिली. "कायी झालं न्हाई. उशीर झाला."

"दहा वर्षं झाली."

"व्हय. पण एकदा उशीर झाल्यावर एक साल काय अन् दहा काय."

तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे फार लहान होतं. दहा वर्षांत तिनं त्याचे किती मृत्यू मनात पाहिले होते. जालन्याच्या पुढं रुळांवर. एखाद्या विहिरीत. चावडीत, उलटा टांगलेला. त्यातल्या एकेकासाठी ती कधीतरी खरोखरीची रडली होती. आणि तेव्हा हा इथं बसून जाळी विणत होता, लाजून. ती म्हणाली, "गावात तुमच्या नावाचा दगड बसवायलेत. चावडीपुढं."

"कशाला?"

"तुमी मेलात म्हणून. देशासाठी."

त्याला ते समजायला वेळ लागला. "आणखी कुणाकुणाची नावं हायेत?"

"एकट्याचंच. पिंगळीचा दुसरा कुणी मेला न्हाई."

तो उठून उभा राहिला. दोन पावलं पाण्याकडं गेला, परत आला, आणि एखाद्यानं चारचौघांत आपलं गुपित फोडावं तसा त्याचा चेहरा झाला होता. मग त्याची नजर सोंडेकडं गेली. तिनं पाहिलं, तो मघापासून दर थोड्या वेळानं तिकडं बघत होता. "पाणी लागायलंय," तो म्हणाला. "तुला निघाया पायजे आता." त्याच्या आवाजात काळजी होती, ती खोटी नव्हती, पण त्या काळजीच्या मागं दुसरं काही होतं, आणि ते तिला नीट ऐकू आलं. शाळेत तपासणी चालू असते तेव्हा साहेबांच्या गाडीची वेळ झाली की सगळे असंच म्हणतात, उशीर होईल साहेब. ती उठली नाही. का उठली नाही हे तिला सांगता आलं नसतं. लाटा सोंडेच्या पायथ्याला फुटू लागल्या, मग त्यांच्या मागून दुसऱ्या आल्या, आणि ती आली होती ती वाट पाण्याखाली गेली. बन्सीधर उभाच होता. नंतर तो मुकाट्यानं खोपटात गेला आणि त्यानं चूल पेटवली.

ऊन पाण्याकडून कड्याकडं सरकत होतं आणि पाणी पुळणीवर वर चढत होतं. कड्याखालची सावली अरुंद होत गेली आणि ते दोघं तिच्याबरोबर कड्याकडं सरकत गेले. त्यानं तांदळाची पेज केली होती, तिच्यात मीठ जरा जास्त होतं. सुकी मासळी भाजू का, त्यानं विचारलं; तिनं नको म्हटलं. तो जेवताना तिला त्याचे हात दिसत होते. या हातांची तिच्याकडं एकच आठवण होती. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात सगळे दुधनेच्या पात्रातून चालले होते, पात्र कोरडं होतं, आणि तिला तहान लागल्याचं त्याच्या ध्यानात आलं. तो वाळूत गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी झरा उकरू लागला, कोपरापर्यंत वाळूत, घाई न करता, आणि मग तळाशी ओल आली, ओलीचं पाणी झालं, ते निवळेपर्यंत तो तिला म्हणाला, थांब, अजून गढूळ हाय. एवढंच. एवढ्यावर तिनं एक नवरा रचला होता, थांबणारा, धीराचा, दुसऱ्याच्या तहानेसाठी खाली बसणारा. तो अगदी खोटाही नव्हता. आत्ताही त्यानं पेज आधी तिच्यापुढं ठेवली होती.

जेवल्यावर तो कड्याला पाठ लावून बसला आणि बसल्या बसल्या झोपला. बायको दहा वर्षांनी आली आहे आणि हा झोपू शकतो, हे पाहून तिला राग येईल असं वाटलं, पण आला नाही. ती उठून पाण्याकडं गेली. लाट तिच्या गुडघ्यांपर्यंत आली, लुगडं भिजून जड झालं, आणि लाट परत जाताना तिच्या टाचांखालची वाळू ओढून घेऊन गेली. पायाखालून जमीन सरकणं म्हणतात ते खरंच असं असतं, गुदगुल्या झाल्यासारखं. ती तशीच उभी राहिली. प्रत्येक लाटेला पाय थोडे आणखी रुतत होते. मागं कडा होता, त्याच्यावर राधाकिशन असेल, पण तो इथून दिसत नव्हता. आपण कुठं आहोत हे गोजरबाईला माहीत नव्हतं, हेडमास्तरांना माहीत नव्हतं, पुण्याच्या नसलेल्या शिबिरात कुणी आपली वाट पाहत नव्हतं. आत्ता इथंच राहिलं तर काय होईल, असं तिच्या मनात आलं, उत्सुकतेनं, दुःखानं नव्हे. पहिले आठ दिवस लोक म्हणतील, येईल. आणि त्या आठ दिवसांत परत जाणं किती सोपं असेल. तिला बन्सीधर कळला. तो कळला हे तिला मुळीच आवडलं नाही, आणि ती पाय उपटून वाळूवर आली.

तो जागा झाला होता. पाणी उतरायला लागलं होतं, ऊन आता पार कड्याच्या पायथ्याशी आलं होतं, सावली उरली नव्हती. तो डोळ्यांवर हात धरून तिला म्हणाला, "तू म्हणशील तर येतो मी."

तू म्हणशील तर. म्हणजे ती म्हणाली तर तो येईल, दगड उपटला जाईल, लोक स्टेशनावर बघायला जमतील, पोरं शाळेच्या भिंतीवर काही लिहितील, गोजरबाई उंबऱ्यात बसून रडेल, आणि या सगळ्याला कारण दैवशाला असेल. आणि ती म्हणाली नाही तर तो येणार नाही, त्यालाही कारण तीच. त्याचं काही नाहीच. "तुमाला यायचंय का?" तिनं विचारलं.

"तसं न्हाई. तू म्हणशील तसं."

"मी म्हणणार न्हाई," ती म्हणाली.

त्यानं खाली पाहिलं. पण खाली पाहण्याच्या आधी त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिनं पाहिलं होतं. पाठ न केलेल्या पोरीला आज विचारलं जाणार नाही असं कळल्यावर येतं, ते. सुटल्याचं. आणि त्याच क्षणी तिला आपल्या छातीतही तेच कळलं, तसंच, तेवढंच. ती दोघं तशी बसून राहिली, एकमेकांपासून सुटलेली, आणि तिला वाटलं, लग्नानंतर आपल्या दोघांना एकाच वेळी एकच गोष्ट वाटली असेल तर ती हीच.

वाट मोकळी झाल्यावर तो तिला सोंडेपर्यंत पोचवायला आला. तिथं थांबला. "आईला..." तो म्हणाला.

"काय सांगू?"

"सांग, हाय म्हणून. न्हाई तर नको सांगू. तुला बरं वाटंल तसं."

ती सोंड वळून गेली. घळीच्या वर राधाकिशन छत्री धरून बसला होता, दिवसभर उपाशी, त्याचा चेहरा उन्हानं सुजल्यासारखा दिसत होता. त्यानं तिच्या मागं पाहिलं. "येतोय का?"

"न्हाई."

त्यानं छत्री मिटली. सड्यावरून बरंच चालून झाल्यावर तो म्हणाला, "मग वैनी, मला तिकडं कुणी दिसलंच न्हाई. तुमी बी आमच्या चतुराला भेटाया आलतात. बास." तिला त्याचे आभार मानायचे होते. तिनं मानले नाहीत.

परतीच्या सगळ्या वाटेत तिनं गोजरबाईला काही न सांगायचं पक्कं केलं. यात कुणाचं नुकसान नव्हतं. म्हातारी म्हणत राहील यायलाय, गाव म्हणत राहील मेला, आणि मधली जागा शाबूत राहील. घरी पोचली तेव्हा गोजरबाई दारात तांदूळ निवडत होती. तिनं सुनेकडं पाहिलं. "ऊन लय लागलंय तुला. पुण्याला इतकं ऊन असतं व्हय?" दैवशालेनं पिशवी खाली ठेवली, पाणी प्याली, आणि पाणी पिऊन झाल्यावर तिच्या तोंडून निघालं, "आत्याबाई, ते जिते हायेत. मी बघून आले."

गोजरबाईचा हात सुपात थांबला. तिनं वर पाहिलं नाही.

"पाय गेलेत का त्याचे?"

"न्हाई."

"डोळे?"

"चांगले हायेत."

"डोक्यावर परिणाम? ओळखत न्हाई का माणसं?"

"ओळखलं. तुमचं इचारलं आधी."

"कुणी डांबून ठेवलंय? धाक घातलाय?"

"न्हाई, आत्याबाई."

"बायकू केलीय? पोरंबाळं?"

"एकलेच असत्यात."

एकेका 'न्हाई'बरोबर म्हातारीच्या हातून काहीतरी काढून घेतलं जात होतं, हे दैवशालेला दिसत होतं, आणि तिला थांबता येत नव्हतं. दहा वर्षं या बाईनं वाटेतल्या सगळ्या अडचणी गोळा करून ठेवल्या होत्या, लेकाच्या येण्याआड आलेल्या. आता त्यातली एकही उरली नाही. "मग?" गोजरबाईनं विचारलं.

"मग कायी न्हाई. यायला उशीर झाला म्हणले. मग आले न्हाईत."

गोजरबाईनं सूप बाजूला सारलं. गुडघ्यांवर हात रोवून ती उठली, आत गेली, आणि दैवशालेला ती भांडी आवरताना ऐकू आली. दोन दिवस ती कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "गंगाखेडला जायचंय. माझा लेक गेला, त्याचं करायचं राह्यलंय."

"आत्याबाई, ते तर..."

"मला इतकी सालं वाटायचं, कुणीतरी त्याला येऊ देत न्हाई. कुणी न्हाई म्हणतीस तू. मग माझा न्हाई तो. माझा मेला तिकडंच, गाव म्हणतंय तसा." तिचा आवाज कोरडा होता. "दगडाचं गाव बघंल. आपल्याला काय त्याचं." मग तिनं सुनेच्या कपाळाकडं पाहिलं, आणि दैवशालेचा हात आपोआप वर गेला. "त्ये राहू दे," गोजरबाई म्हणाली. "तू पाह्यलायस त्याला. माझा लेक मेलाय. तुझा नवरा हाय का न्हाई, तुझं तू ठरव."

एस.टी.नं त्या गंगाखेडला गेल्या. गोदावरी आटून पलीकडच्या काठाला गेली होती. घाटाच्या पायऱ्या संपल्यावर बरीच वाळू तुडवावी लागली. गुरुजींनी विचारलं, विधी कोण करणार, पुरुष कुणी नाही का. "मी करणार," गोजरबाई म्हणाली. बाईमाणसानं करायचं नसतं, असं ते म्हणाले. ती तशीच बसून राहिली, ओल्या लुगड्यानं, हात पुढं करून. थोड्या वेळानं त्यांनी तडजोड काढली, ते तिच्या वतीनं करतील आणि तिनं फक्त पाणी सोडावं. त्यांनी दर्भ मांडले, तीळ काढले, नाव विचारलं, गोत्र विचारलं.

"तिथी?" ते म्हणाले. "कधी गेला?"

गोजरबाईनं मान न वळवता सुनेकडं हात केला. "हिला इचारा. ही व्हती तिथं."

वाळू तापली होती. दैवशालेला वाटलं, सांगता येईल, माहीत नाही. गुरुजी मग सगळ्यांना देतात ती अमावास्या देतील. समोर म्हातारी ओंजळ धरून बसली होती.

"वैशाख वद्य त्रयोदशी," दैवशाला म्हणाली. "शुक्रवार."

"म्हणजे गेल्याच आठवड्यात," गुरुजी म्हणाले. त्यांनी वर पाहिलं, तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडं पाहिलं, आणि मग म्हातारीकडं वळले. "आणि या कोण?"

"ही माझी हाय," गोजरबाई म्हणाली. "तुमी म्हणा पुढं."

गुरुजींनी दर्भ नीट केले. मग त्यांनी संकल्पात ती तिथी घातली आणि ते पुढचं म्हणू लागले.